ज्वारीतल्या एका कायनेज-कुळाची मोजदाद

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ज्वारीतील सीडीपीके, म्हणजे कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या प्रथिन-कायनेजांचे (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारे विकर) जनुककुल निवडले. आमच्या शेतात रब्बीला मालदांडी असते, आणि ओल आटू लागल्यावर पानांची रंध्रे मिटवण्यात या कायनेजांचा वाटा असतो, हे वाचल्यापासून मला दुसरा विषय सुचलाच नाही.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्वारीच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनए क्रमात, केवळ कायनेजचा भाग शोधला, तेव्हा हजाराहून अधिक नोंदी आल्या. माणसात कायनेजची जनुके पाचशेहून थोडी अधिक आहेत. वनस्पतींत हा पसारा फार मोठा असतो. प्राण्यांत कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारे वेगळे प्रथिन कायनेजला येऊन चिकटते, तर सीडीपीकेमध्ये तसाच भाग कायनेजलाच जोडलेला असतो आणि मधला छोटा तुकडा, कॅल्शियम मिळेपर्यंत, कायनेजचे काम अडवून धरतो. दोन जुनी जनुके जोडली जाऊन ही रचना घडली असावी. म्हणून कायनेज आणि कॅल्शियम धरणारे चार ‘ईएफ-हँड’ नावाचे भाग एकाच प्रथिनात हवेत, अशी अट मी घातली.

इथेच माझे चुकले. एकाच जनुकाची दोन-तीन प्रतिलेखने (त्यावरून बनणाऱ्या आरएनए प्रती) मी वेगवेगळी जनुके म्हणून मोजली होती, आणि तीनच ईएफ-हँड दिसणारी एक नोंद वगळली होती. मार्गदर्शक मॅडमनी मूळ डीएनए क्रम उघडायला सांगितला. चौथ्या हँडचा एक्झॉन, म्हणजे जनुकातला प्रथिनात उतरणारा तुकडा, संगणकाच्या भाकितातून सुटला होता. त्यानंतर प्रत्येक नोंद मी डोळ्यांनी वाचली. त्यात तीन आठवडे गेले, पण त्यावाचून यादीवर विश्वास ठेवता आला नसता.

अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना-वनस्पतीच्या ३४ सीडीपीकेंसोबत वंशवृक्ष काढल्यावर चार गट स्पष्ट झाले. मला सर्वाधिक बोलके वाटले ते इंट्रॉन, म्हणजे एक्झॉनांच्या मधले, प्रथिनात न उतरणारे तुकडे. चौथ्या गटातील इंट्रॉनांच्या जागा सीआरके या नातेवाईक कुळाशी जुळतात, ज्याचे ईएफ-हँड झिजलेले आहेत. माझ्या अटीने हे कुळ बाहेरच फेकले होते. ते तुलनेसाठी परत घ्यावे लागले.

शेवटचे काम एकमेकांशी जुळणाऱ्या जनुकांच्या जोड्यांचे होते. गवतांच्या पूर्वजात सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी संपूर्ण जीनोम दुप्पट झाला, आणि भात व ज्वारी त्यानंतर वेगळे झाले. त्यामुळे प्रत्येक जोडीच्या शेजारची जनुके मी दोन्ही पिकांत ताडून पाहिली, आणि जिथे शेजारही त्याच क्रमाने जुळला, तीच जोडी त्या दुपटीच्या खाती मांडली.