गप्प बसणाऱ्यांचा वाटा

७ जून २०२३ रोजी औरंगजेब व टिपू सुलतान यांच्यासंबंधीच्या काही आक्षेपार्ह सोशल मीडिया स्टेटसच्या निषेधार्थ पुकारलेल्या कोल्हापूर बंदमध्ये दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेटही बंद केले गेले. दगड मारणारे मूठभर होते, हे खरे. पण आदल्या रात्री गल्लीच्या ग्रुपवर ‘उद्या दाखवूच’ असा मजकूर आला, तेव्हा मी तो वाचून फोन उशीखाली सरकवला. दुसऱ्याच्या हातातल्या दगडाचा दोष मी पत्करणार नाही, तसाच त्या स्टेटसचा दोष सबंध मुस्लिम समाजावरही लादता येणार नाही. मात्र ज्याचा शब्द गल्लीत ऐकला जातो, त्याचे मौन संमतीच धरले जाते. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, म्हणजे मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह, उभारणाऱ्या शाहू महाराजांचे नाव आम्ही उठताबसता (जरा जास्तच) घेतो. त्या ग्रुपवर मी अजूनही आहे.