तुम्ही विचारलेत म्हणून : ओस कार्यालयांत वस्ती का होत नाही?

मी आर्किटेक्ट आहे हे कळले की एक प्रश्न हमखास येतो : अमेरिकेतल्या शहरांच्या मध्यभागी कार्यालयांचे मजलेच्या मजले ओस पडले आहेत आणि घरांची तर टंचाई आहे, मग तिथे लोकांना राहायला का देत नाहीत?

देता येते, पण इमारत पाहून. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कार्यालयांना खिडकीतला उजेड आणि वारा लागत असे, त्यामुळे त्यांचे मजले अरुंद राहिले आणि तिथे घरे सहज बसतात. पुढे ट्यूबलाइट आणि वातानुकूलन आल्यावर मजले ऐसपैस पसरले, आणि आज अडते ते नेमके इथेच, कारण खिडकीपासून १५ मीटर आत बेडरूम करता येत नाही. (नकाशात अशा अंधाऱ्या खोलीवर ‘होम ऑफिस’ लिहितात, तिथे कोणीतरी झोपणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते.) न्यूयॉर्कमधील २५ वॉटर स्ट्रीट ही १९६०च्या दशकाच्या अखेरची २२ मजली इमारत बदलताना तिच्या पोटातून दोन चौक कोरून काढावे लागले, गेलेले क्षेत्रफळ वर दहा मजले चढवून भरून काढले, तेव्हा कुठे सुमारे १,३०० घरे बसली.

मात्र घरे झाली म्हणजे वस्ती झाली असे नाही, आणि माझ्या मते खरे अवघड काम तेच आहे. लॉस एंजेलिसने जुन्या इमारतींचे रूपांतर सोपे करणारा नियम १९९९ मध्ये केला आणि हजारो घरे झालीही; पण डाउनटाउनमध्ये मोठे सुपरमार्केट उघडायला २००७ साल उजाडले. दुकानदार आधी गिऱ्हाईक मोजतो, राहायला येणारा आधी दुकान शोधतो, आणि हा तिढा बाजारावर सोडला की वर्षे जातात. न्यूयॉर्कने १९९५ मध्ये लोअर मॅनहॅटन या आपल्या जुन्या व्यापारी भागात कार्यालयांची घरे करणाऱ्यांसाठी मालमत्ता करात सवलत आणली. अशी सवलत द्यायचीच असेल, तर तळमजल्याचे गाळे किराणा दुकान, दवाखाना आणि पाळणाघर यांना परवडतील अशा भाड्याने देण्याची अट तिला जोडावी. काही मजले कार्यालयांसाठीच राखावेत, कारण केवळ संध्याकाळच्या गिऱ्हाइकावर उपाहारगृह चालत नाही. आणि सगळी घरे एका खोलीची बांधू नयेत; मूल झाले की असे कुटुंब दुसरीकडे जाते, आणि मग तिथे शाळा काढायला कोणीही धजावत नाही.