नोटीस फिरवली, पण पोहोचली का?

शनिवारी दुपारी साडेचारला रसायनशास्त्र प्रयोगशाळेतले मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद. आमच्याच कार्यालयाची नोटीस, कोणीतरी त्यांना छापून दिलेली. "मॅडम, हे माझ्यासाठी पण होतं का?"

नोटीस सेवापुस्तकांची होती. सेवापुस्तक म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आपापलं सेवापुस्तक तपासून सही करावी, मुदत २० तारीख. मामा आले तेव्हा २४ तारीख उजाडली होती. ती नोटीस मीच लिहिली होती, आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री नऊ वाजता मीच टाकली होती. मामांकडे साधा बटणांचा फोन आहे, हे मला गेली बारा वर्षं माहीत आहे.

मी त्यांना बसायला सांगितलं आणि कपाटातून त्यांचं पुस्तक काढलं. जाड पुठ्ठा, पाठीला शिवण उसवलेली. वेतनवाढी नोंदलेल्या होत्या, रजेचा हिशोबही होता. मागच्या बाजूला उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) नामनिर्देशनाचा, म्हणजे ती रक्कम कोणाला मिळावी हे सांगणारा फॉर्म चिकटवलेला होता. मामा शाईत लिहिलेल्या त्या एका ओळीवर बोट ठेवून थांबले. तिथे त्यांच्या पत्नीचं नाव होतं. त्या जाऊन चार वर्षं झाली. आम्ही सगळे तेव्हा त्यांच्या घरी गेलो होतो. मी स्वतः गेले होते. परत आल्यावर पुस्तक उघडून बघायचं मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

सेवापुस्तकांचा गठ्ठा अजून पडताळणीला गेलेला नव्हता, म्हणून निभावलं. नवा फॉर्म भरला, मुलीचं नाव घातलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. पंधरा मिनिटांचं काम. पुढच्या वर्षी मामा साठीला निवृत्त होतील. हा कागद तसाच राहिला असता आणि मधेच काही बरंवाईट झालं असतं, तर त्या मुलीला वारस दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागले असते, याचा विचार मी त्या रात्री करत बसले होते.

मी अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, आता आस्थापना, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद, बघते. मी लागले तेव्हा नोटीस काढायची एक रीत होती. मजकूर लिहायचा, प्राचार्यांची सही घ्यायची, जावक क्रमांक टाकायचा आणि एक प्रत सूचना वहीत डकवायची. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. नोटिशीखाली सगळ्यांच्या नावांची यादी, नावासमोर सहीचा चौकोन. शिपाई मामा ती वही काखेत मारून निघायचे. आधी स्टाफरूम, मग ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना आणि शेवटी फाटकावरची चौकी. "वाचा आणि सही करा," एवढंच म्हणायचे. ज्यांना वाचायला जड जायचं त्यांना स्वतः वाचून दाखवायचे. कोणी रजेवर असेल तर त्या चौकोनात पेन्सिलीने 'रजा' लिहून ठेवायचे आणि तो माणूस हजर झाला की पहिल्या दिवशी वही घेऊन पुन्हा त्याच्याकडे जायचे.

वही संध्याकाळी परत आली की तिच्याकडे नुसतं बघितलं तरी कळायचं. रिकामा चौकोन डोळ्यांत खुपायचा. ग्रुपवर नोटीस टाकली की निळ्या खुणा येतात, पण ग्रुपमध्ये जो माणूस नाहीच त्याची खूण येत नाही आणि त्याचा रिकामा चौकोनही दिसत नाही. मला वहीचा मोह आहे म्हणून हे लिहीत नाही. ग्रुपमुळे कामं झटपट होतात हे खरंच आहे. वरून पत्र येतं, 'माहिती आज तीन वाजेपर्यंत सादर करावी', आणि तेव्हा वही फिरवत बसलो तर तीन तिथेच वाजतील. पण घाईच्या निरोपाची वाट वेगळी आणि माणसाच्या हक्काच्या कागदाची वाट वेगळी. आम्ही दोन्ही एकाच वाटेने सोडायला लागलो.

दुसरी गोष्ट भाषेची. मामांनी आणलेली ती नोटीस मी टेबलावर उलगडली आणि माझंच वाक्य वाचलं:

"उपरोक्त विषयान्वये सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, ज्यांची सेवापुस्तके अद्ययावत करणे प्रलंबित आहे त्यांनी आवश्यक त्या दस्तऐवजांसह विहित मुदतीत कार्यालयाशी संपर्क साधावा. मुदतीनंतर प्राप्त प्रकरणांचा विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी."

यात चूक एकही नाही. पण आपलं पुस्तक प्रलंबित आहे की नाही हे मामांना कसं कळणार? ते तर आमच्या कपाटात. आवश्यक दस्तऐवज म्हणजे नेमके कोणते? पत्नीच्या मृत्यूचा दाखला इथे लागतो, हे या वाक्यात कुठेच नाही. नोटीस त्यांच्या हातात वेळेवर पडली असती तरी त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली असती, कारण ती त्यांच्याशी बोलतच नव्हती.

सोमवारी मी तीच नोटीस पुन्हा लिहिली:

"तुमचं सेवापुस्तक बघायला आस्थापना टेबलावर या. सोमवार ते शुक्रवार, ११ ते १. चार गोष्टी तपासा: नाव, जन्मतारीख, वारसाचं नाव, रजेची शिल्लक. गेल्या काही वर्षांत घरात लग्न, जन्म, मृत्यू किंवा नावात बदल झाला असेल तर त्याचा दाखला बरोबर आणा. चष्मा विसरलात तर आम्ही वाचून दाखवू."

प्राचार्यांनी वाचलं, शेवटच्या वाक्यापाशी थांबले आणि सही केली. आता फाईलला पहिल्या पद्धतीचा मजकूर लागतो, कारण उद्या तपासणी आली तर नियमाचा उल्लेख आणि संदर्भ क्रमांक दिसायला हवा. वहीत मात्र दुसरा मजकूर जातो. त्या आठवड्यात सात जण आपापलं पुस्तक बघून गेले. त्यांतल्या दोघांनी ते नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा हातात घेतलं होतं.

शिक्षकेतर हा शब्दच बघा. शिक्षकांहून इतर. आम्ही तो रोज वापरतो आणि त्यावर कोणी अडत नाही. पण महाविद्यालयातली बातमी फिरते तेव्हाही ती याच क्रमाने फिरते, आधी शिक्षक आणि मग, राहिलं तर, इतर.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित, श्रेयांक म्हणजे क्रेडिट. एक वर्ष करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षं केली तर ऑनर्स. शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या, पडद्यावर तक्ते दाखवले गेले. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र आमची एक कनिष्ठ लिपिक बसली होती, नुकतीच लागलेली. रांगेतल्या पहिल्याच मुलाने विचारलं, "मॅडम, अपार आयडी आणि एबीसी आयडी एकच का?" तिने ते शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ती उठून आत आली, मला विचारलं, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. रांग चाळीस जणांची. बाहेर उभ्या पालकांच्या दृष्टीने महाविद्यालय म्हणजे ती खिडकी, आणि खिडकीला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी एका प्राध्यापिका बाईंना गाठलं. त्यांनी अर्धा तास बसून समजावलं: एबीसी, म्हणजे श्रेयांक बँक, हे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारं खातं, अपार म्हणजे त्या विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक, आणि तो डिजिलॉकरमधून दिसतो. मी ते एका पानावर मराठीत लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवलं. पुढचे पंधरा दिवस त्या पानावर निभावले. ते पान अजून तिथेच आहे, कोपरे पिवळे पडलेत.

त्या पानातूनच शनिवारचं पान सुरू झालं. दर शनिवारी एक कागद, एकाच बाजूला मजकूर, मोठा टाइप. या आठवड्यात कार्यालयात काय आलं, काय ठरलं, कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत. पगारबिल सेवार्थ या पगाराच्या सरकारी प्रणालीत कधी गेलं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर कधीपर्यंत आहेत, म्हणजे मुलांनी विचारलं तर जिन्यावरचा माणूसही सांगू शकेल. उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती कोणत्या विभागाकडून यायची राहिली आहे. मूल्यांकनाची समिती यायची असेल तर नक्की कधी, कारण ती बातमी आमच्याकडे नेहमी 'हॉल झाडून घ्या' या रूपात पोहोचते.

महाविद्यालय विकास समितीचंही थोडं लिहिते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, त्यातल्या कलम ९७ प्रमाणे या समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेला एक प्रतिनिधी असतो आणि समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. आमच्याकडे बैठका होतात, प्रतिनिधी जातो. पण तिथे काय ठरलं हे बाकीच्यांना कळायची सोयच नव्हती. मी प्राचार्यांची परवानगी घेऊन इतिवृत्तातले चार मुद्दे पानावर द्यायला लागले. पहिल्यांदा दिले तेव्हा ग्रंथालय परिचर मला म्हणाला, "म्हणजे आपला माणूस तिथे बोलतो?" बोलतो. प्रसाधनगृहाच्या दुरुस्तीचा मुद्दा त्यानेच मांडला होता.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचा फलक पहिल्या मजल्यावर आहे. २०१३ च्या कायद्याने असा फलक ठळक जागी लावणं बंधनकारक आहे, आणि आमचा ठळक जागीच होता. पण एका शनिवारी पानासाठी नावं उतरवून घ्यायला गेले, तर त्यात दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंचा नंबर होता. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. समिती नवी झाली होती, फलक जुनाच राहिला होता. एखाद्या मुलीने किंवा सफाई करणाऱ्या मावशींनी हिंमत करून तो नंबर लावला असता तर? मी तिथूनच कार्यालयात फोन केला, नवी यादी छापून घेतली आणि ती लागेपर्यंत जिन्यावर उभी राहिले. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

आयकराचंही असंच. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू धरली जाते. जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं. ज्यांनी कळवलं नाही त्यांचा कर पगारातून नव्या दराने कापला गेला. विवरणपत्र भरताना तो पर्याय बदलता येतो, पण तोवर पैसे अडकतात. आता ही सूचना मी लागोपाठ तीन शनिवार देते.

पानाचा वरचा कोपरा मी माणसांसाठी ठेवलाय. कोण निवृत्त होतंय, कोणाकडे बाळ झालं, कोणाचे वडील गेले, कोणाच्या मुलीला नोकरी लागली. सुरुवातीला एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली, "हे प्रशासकीय नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता विचारलं तर मामांचं पुस्तक काढून दाखवेन. चार वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यात एक ओळ छापली गेली असती तर ती वाचून आस्थापना टेबलावरच्या माणसाने पुस्तक काढलं असतं. माणसाच्या घरात काय घडलं हे कळल्याशिवाय त्याचे कागद नीट राहत नाहीत.

सूचना वहीही पुन्हा काढली आहे. प्रत्येक नोटिशीसाठी नाही, तेवढी माणसं आमच्याकडे आता उरली नाहीत. शिपायांच्या जागा रिकाम्या आहेत आणि भरती कधी होईल ते हातात नाही. पगार, रजा, सेवापुस्तक, निवृत्तिवेतन आणि तक्रार या पाच विषयांची नोटीस मात्र वहीतून जाते, आणि शनिवारचं पानही तिच्यातच डकवते. वही मीच घेऊन फिरते, जेवणाच्या सुट्टीनंतर. पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात मला जे कळतं ते टेबलावर बसून कळलं नसतं: जिमखान्यातल्या मदतनिसाला दोन महिन्यांच्या रजेची नोंद मिळालेली नाही, प्रयोगशाळेतलं अग्निशामक नळकांडं कधी भरलंय ते कोणाला ठाऊक नाही, कंत्राटी मावशींना भविष्य निर्वाह निधीचा क्रमांकच दिलेला नाही. प्रत्येकाची ओळ मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणते आणि ज्या टेबलाची आहे त्या टेबलावर ठेवते.

मामांनी परवा वहीत सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून, आडनावासकट. मग मागची पानं चाळून बघितली आणि म्हणाले, "जुन्या वह्या पण ठेवल्यात ना?" ठेवल्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सगळ्या.

आजच्या पानावर एक चौकोन रिकामा आहे, रात्रपाळीच्या रखवालदारांचा. ते साडेसातला येतात. वही टेबलावर उघडी ठेवून मी थांबले आहे.