सव्वा तास हवेत, बाकी दिवस जमिनीवर

मुंबई-नागपूर हवाई अंतर जेमतेम 680 किलोमीटर. रेल्वेने तेच 837, समृद्धी महामार्ग 701. लोहमार्ग कसारा घाट चढून भुसावळवरून फिरत जातो, विमान नाकासमोर. तिकिटावर दीड तास लिहिलेला, त्यातही हवेत सव्वाच. बाकी वेळ धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा.

आता माझा हिशोब ऐका. सकाळी सहाला डोंबिवलीतून निघाले. विमानतळाला पोहोचायलाच पावणेदोन तास (घाटकोपरच्या पुढे रिक्षा मुंगीच्या पावलांनी). मग सुरक्षा तपासणीत पर्समधला चिवड्याचा डबा उघडून दाखवला. ती बाई वास घेऊन म्हणाली, "घरचा आहे ना?" मी म्हटलं, घ्या चिमूटभर. हसली, पण घेतला नाही.

वर गेल्यावर चहा संपेपर्यंत ढग संपले, खाली तपकिरी शेतं दिसायला लागली आणि उतरायची घोषणाच झाली. पट्टा लावलेलाच होता, सोडायची वेळच आली नव्हती.

आत्याकडे पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता. दारातच म्हणाली, "विमानानं येऊन एवढा वेळ? विदर्भ एक्सप्रेसनं रात्री निघाली असती तर झोपून आली असती न व!"

परतीचं तिकीट रेल्वेचं काढलंय. वेटिंग 14.