२० ते ३० जानेवारी १९४८ : गांधीहत्येच्या तपासाचे कागद आणि जागा पाहायला जाणाऱ्यांसाठी

गांधीहत्येच्या तपासाचा माग काढायला निघणारे बहुतेक जण ३० जानेवारीपासून सुरुवात करतात. ती चुकीच्या टोकाकडून सुरुवात. ३० जानेवारीला मारेकरी जागीच पकडला गेला, शेकडो लोकांनी पाहिलं, पिस्तूल हातात मिळालं. तपासाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्याआधीच्या दहा दिवसांचा आहे. २० जानेवारीला बिर्ला हाऊसच्या भिंतीपाशी गनकॉटनचा स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा तिथेच सापडला, त्याने बोलायला सुरुवात केली. मग दिल्ली, मुंबई आणि पुणे या तीन ठिकाणच्या पोलिसांना दहा दिवसांत बाकीचे लोक का सापडले नाहीत? दौऱ्याची आखणी या प्रश्नाभोवती केली तर कागद आणि जागा एकमेकांना उजेड दाखवतात. नाहीतर चार स्मारकं बघून परत येणं होतं.

निघण्याआधी घरी करायचं काम जास्त आहे. दोन दस्तऐवज वाचून घ्या. पहिला, लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाचा निकाल. न्यायाधीश आत्माचरण, तारीख १० फेब्रुवारी १९४९. दुसरा, न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा अहवाल, १९६९ चा. दोन्ही नेटवर मिळतात. या दोघांची गल्लत करू नका, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. खटल्याने ठरवलं की कट कोणी केला आणि गुन्हा कोणावर सिद्ध झाला. कपूर आयोगापुढे प्रश्न होता की कटाची आगाऊ माहिती कोणाला होती, ती सरकारपर्यंत पोचली का, आणि पोचल्यावर काय केलं गेलं. आयोग नेमण्याचं निमित्तही पुण्यातलंच. १२ नोव्हेंबर १९६४ ला सुटून आलेल्या आरोपींसाठी झालेल्या कार्यक्रमात टिळकांचे नातू ग. वि. केतकर हत्येचा बेत आपल्याला आधीच माहीत होता असं बोलले, ते छापून आलं आणि गदारोळ झाला.

खटल्यात सरकारतर्फे १४९ साक्षीदार झाले, पुरावा २४ जून ते ६ नोव्हेंबर १९४८ असा नोंदवला गेला. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, पण घटनेनंतर वीस वर्षांनी. म्हणून एकाच माणसाची दोन बयाणं हाती येतात. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई, प्रा. जगदीशचंद्र जैन, मुंबईचे डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवाला हे दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे त्यांचे साक्षीदार क्रमांक निराळे. टिपणं काढताना क्रमांकापुढे ‘खटला’ की ‘आयोग’ हे लिहिलं नाही, तर आठवड्याभरात सगळं एकमेकांत मिसळतं. पुराव्याच्या क्रमांकांचंही तसंच. खटल्यात सरकारी कागदांना ‘पी’ अक्षर लावून क्रमांक आहेत, जप्त वस्तूंना नुसता आकडा. आयोगाच्या कागदांना पुन्हा स्वतःची मालिका. ‘५-ए’ म्हटलं की ते आयोगाचं, खटल्याचं नव्हे.

आयोगाच्या अहवालातून उद्धृत करताना पानाचा नव्हे, परिच्छेदाचा क्रमांक द्या. परिच्छेद प्रकरणवार मोजलेले आहेत, त्यामुळे कुठल्याही प्रतीत तेच सापडतात, पानं मात्र बदलतात. स्कॅन प्रतींचा शोध अर्धवट चालतो. नगरवाला हे नाव ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींनी शोधा, आपटे आणि परचुरे या आरोपींच्या नावांचीही दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘त्यात नाही’ असा काढणं हा या विषयातला सर्वांत स्वस्त गोंधळ आहे.

मग एक तारीखवार तक्ता करा. एका रकान्यात पोलीस, दुसऱ्यात आरोपी. हा तक्ता म्हणजेच अख्ख्या दौऱ्याचा नकाशा.

मुंबईचा भाग छोटा आहे. जैन माटुंग्याच्या रुईया कॉलेजात शिकवत. स्फोटाची बातमी वाचून ते २१ जानेवारीला सचिवालयात मोरारजींना भेटले आणि मदनलालने स्फोटाआधी आपल्याला कटाबद्दल काय सांगितलं होतं ते सांगितलं. तेव्हाचं सचिवालय म्हणजे फोर्टातली जुनी इमारत, आज तिथे शहर दिवाणी न्यायालय आहे. मोरारजींनी त्याच रात्री अहमदाबादची गाडी पकडण्याआधी नगरवालांना बॉम्बे सेंट्रलवर बोलावून ती माहिती दिली. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही, पण माटुंगा, फोर्ट, बॉम्बे सेंट्रल हे अंतर एका दुपारी फिरून झालं की एक गोष्ट पक्की होते. मुंबईत माहिती पहिल्याच दिवशी योग्य माणसाच्या हातात होती. तिचं पुढे काय झालं, ते कागदांतच शोधायचं.

दिल्लीला जाताना वार नीट बघा. गांधी स्मृती, राजघाटासमोरचं राष्ट्रीय गांधी संग्रहालय आणि लाल किल्ला, तिन्ही सोमवारी बंद. म्हणून सोमवार अभिलेखागाराला द्या आणि जागा मंगळवारनंतर. ३० जानेवारीच्या आसपास जाऊ नका, सरकारी कार्यक्रमांमुळे बंदोबस्त असतो. जानेवारीत धुक्याने गाड्याही तासन्‌तास लटकतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

राष्ट्रीय अभिलेखागार जनपथावर आहे. मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्थानक सोयीचं. जाण्याआधी ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून शोध घ्या. बरंच साहित्य स्कॅन होऊन तिथे चढलेलं आहे, आणि जे घरबसल्या दिसतं त्यासाठी दिल्लीत वेळ घालवू नये. जे फक्त यादीत दिसतं पण उघडत नाही, त्याची फाइल-ओळख जशीच्या तशी उतरवून घ्या : मंत्रालय, शाखा, फाइल क्रमांक, वर्ष. यांतलं एक जरी चुकलं तरी मागणीची चिठ्ठी परत येते.

सोबत छायाचित्र असलेलं ओळखपत्र, त्याच्या प्रती, आणि जमल्यास संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र ठेवा. वाचनकक्षात पेन चालत नाही. दोन-तीन शिसपेन्सिली न्या. प्रती कशा मिळतील, स्वतः फोटो काढता येतील का, दर काय, हे पहिल्याच दिवशी टेबलावर विचारा, कारण नियम बदलत राहतात. चिठ्ठी टाकली की फाइल लगेच येत नाही. म्हणून सकाळी पोचताच मर्यादेइतक्या सगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि दुपारचा वेळ पोर्टलवरच्या गोष्टींना द्यायचा.

चिठ्ठी परत आली तर तिच्यावरचा शेरा वाचा. ‘एनटी’ म्हणजे फाइल मंत्रालयाकडून अभिलेखागारात आलेलीच नाही. यादीत नाव आहे, वस्तू नाही. कागद ठिसूळ असल्याचा शेरा असेल तर मूळ मिळणार नाही, मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का ते विचारा. फाइल जागेवर नसल्याचा शेरा असेल तर काही दिवसांनी पुन्हा मागा, कधी ती दुसऱ्या वाचकाकडे असते. ‘एनटी’साठी मात्र दिल्लीत थांबून उपयोग नाही. त्या मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. अर्जात ‘गांधीहत्येसंबंधी सर्व कागद’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. एक फाइल, एक क्रमांक, एक प्रश्न.

फाइल हाती आली की आधी टिपणीची बाजू वाचा, पत्रव्यवहार नंतर. पत्रव्यवहारात निर्णय दिसतो, टिपणीत तो कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता ते दिसतं. पोलिसांच्या केस डायरीला कोर्टात पुराव्याचं स्थान नसतं, न्यायाधीश ती फक्त मदतीपुरती पाहू शकतो. आपल्याला मात्र तीच सर्वांत मोलाची, कारण ती दिवसागणिक लिहिली जाते. निदान लिहिली जायला हवी. दिल्लीतला प्रथम खबरी अहवाल आणि पोलिसी नोंदी उर्दूत आहेत. उर्दू वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर दौऱ्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. मराठी कागदांच्या बाबतीत आपली बाजू वरचढ. बरेच अभ्यासक इंग्रजी भाषांतरावरच थांबतात, तिथे मूळ मराठी काढून ताडून पाहा.

प्रत्येक कागदाला एकच प्रश्न आधी विचारायचा : हा ३० जानेवारीच्या आधी लिहिला की नंतर? वर आलेला ‘५-ए’ याचं उत्तम उदाहरण. दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी २१ जानेवारीला विमानाने मुंबईला गेले. मदनलालच्या जबाबात एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता, आणि तो असलेलं टिपण, म्हणजेच हे ‘५-ए’, आपण सोबत नेलं होतं असं दिल्लीचं म्हणणं. नगरवालांनी ते साफ नाकारलं. तो उल्लेख वेळेत पोचला असता, तर पुण्यात ‘हिंदुराष्ट्र’चा संपादक म्हणजे नथुराम गोडसे हे शोधायला किती वेळ लागला असता? आयोगाने या एका कागदावर बरंच मंथन केलं आहे. निष्कर्ष थेट शेवटी जाऊन वाचू नका, त्याआधीच्या साक्षी ओळीने वाचा. कागद नंतर तयार झाला असेल तर कुठल्या खुणांवरून कळतं, याचा तो धडाच आहे. नगरवाला त्या काळात वेगळ्याच तर्कावर, गांधीजींना पळवून नेण्याचा बेत आहे या समजुतीवर, काम करत होते. आयोगाने त्यावर कडक टीका केली आहे.

तक्त्यातली सर्वांत बोचरी ओळ २७ जानेवारीची. पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालचं बयाण घेऊन ते २५ तारखेला निघाले ते रेल्वेने, तेही अलाहाबादमार्गे. मुंबईला पोचेपर्यंत २७ उजाडली. त्याच २७ तारखेला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला उतरले, रात्री ग्वाल्हेरला गेले, २८ ला पिस्तूल मिळवलं आणि २९ ला दिल्लीत परत. विमानाची तिकिटं, हॉटेलची नोंदवही, रेल्वेच्या विश्रांतिगृहाची नोंद, या सगळ्यांतून खटल्यात ही साखळी जोडली गेली. साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा हे कागद जास्त टिकाऊ ठरले.

जागांमध्ये कॅनॉट प्लेसचं मरिना हॉटेल चुकवू नका. नाव बदललं, हॉटेल चालू आहे. १७ ते २० जानेवारी गोडसे आणि आपटे तिथे देशपांडे आडनावाने ४० नंबरच्या खोलीत होते. खोली बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि रिसेप्शनवर हुज्जतही घालू नका. महत्त्वाचं आहे ते धुलाईला टाकलेल्या कपड्यांवरचं ‘एन. व्ही. जी.’ हे चिन्ह. नाव खोटं घेतलं, सदऱ्यावर खरं राहिलं. पण हा धागा वेळेत कामी आला नाही.

गांधी स्मृतीला, म्हणजे तीस जनवरी मार्गावरच्या जुन्या बिर्ला हाऊसला, दुपारी तीनच्या सुमारास जा. प्रवेश विनामूल्य. सगळे जण सिमेंटच्या पावलांवरून स्तंभापर्यंत जाऊन फोटो काढतात आणि परततात. २० जानेवारी समजून घ्यायची तर प्रार्थनेच्या चौथऱ्याच्या मागच्या बाजूला थांबा. बेत असा होता की स्फोटाच्या गडबडीत मागच्या नोकरांच्या खोलीतून, जाळीतून, कटातल्या बडगेने गोळी झाडायची आणि बॉम्ब टाकायचा. तो आत शिरायला कचरला. अंतर किती कमी आहे हे तिथे उभं राहूनच कळतं. संध्याकाळी पाच ही प्रार्थनेची वेळ, आणि सहसा पाचलाच फाटक बंद होतं, त्यामुळे ५ वाजून १७ मिनिटांचा उजेड पाहायचा बेत करू नका.

राजघाटासमोरच्या संग्रहालयात रक्ताचे डाग असलेली वस्त्रं आणि एक गोळी आहे. पिस्तूल बेरेटा बनावटीचं, क्रमांक ६०६८२४. हा क्रमांक निकालाच्या प्रतीशी ताडूनच लिहा, नेटवर तो चुकीचा फिरतो. लाल किल्ल्यात खटल्याची खोली शोधत फिरणं व्यर्थ. शिमल्याचं पीटरहॉफ, जिथे अपील चाललं, १९८१ मध्ये जळालं आणि आता त्या जागी हॉटेल आहे. त्यासाठी वेगळी वारी नको.

एक गोष्ट वादात पडणाऱ्यांसाठी. खटल्यात सावरकर निर्दोष सुटले, कारण माफीचा साक्षीदार बडगे याच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही, आणि सरकारने त्यावर अपील केलं नाही. परचुरे आणि शंकर किस्तैया उच्च न्यायालयात सुटले. आयोगाने २५.१०६ या परिच्छेदात सावरकर आणि त्यांच्या गटाबद्दल वेगळा निष्कर्ष लिहिला, पण आयोग कोणाला दोषी ठरवू शकत नाही. दोन्ही बाजूंचे लोक यांतला एकच कागद खिशात घेऊन फिरतात. तुम्ही दोन्ही न्या, आणि दिल्ली पोलिसांच्या ढिलाईवर आत्माचरण यांनी निकालातच ओढलेले ताशेरेही. आरोपपत्रात फरारी म्हणून दाखवलेल्या तिघांचं, गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा यांचं, पुढे काय झालं हा प्रश्न २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेला होता. नव्याने काम करायचं असेल तर फाइल मागायला तिथून सुरुवात करा.