अक्कांची दोन नावं आणि आमचा सदाशिव पेठेतला वाडा

वाडा आमचा होऊन आता सात महिने झाले, तरी ती कचेरी आठवली की अजून डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पुण्यात पेठांमधला जुना वाडा कोणी घ्यायचा विचार करत असेल तर त्याने निदान हे वाचावं. कचेरी कुठली, माणसं कोण हे लिहिणार नाही, कारण मला भांडण काढायचं नाहीये, पण चौदा महिने गेलेत माझे. चौदा.

आधी थोडक्यात. सदाशिव पेठेत आतल्या बोळात दोन चौकांचा वाडा, दगडी जोतं, वर विटांचं काम, सागवानी खांब, माजघराला कडीपाटाचं छत, दिंडी दरवाजा शाबूत. मागच्या चौकात हौद, तो आता कोरडा आहे. मी लहानपणी याच बोळातून शाळेत जायचो आणि उघड्या दिंडीतून ते तुळशीवृंदावन दिसायचं. विकणारे काका 78 वर्षांचे, पाच भावंडांतले शेवटचे हयात. बिल्डर रांगेत उभे होते आणि रक्कम आमच्यापेक्षा जास्त देत होते, पण काकांना वाडा पडलेला बघायचा नव्हता. आम्हाला राहायला हवा होता. आम्ही कोथरूडचा फ्लॅट विकला, बायकोच्या माहेरून आलेली जमीन विकली, आणि जुळलं. भाव ठरायला तीन चहा लागले फक्त. स्ट्रक्चरल ऑडिट, जाहीर नोटीस, 30 वर्षांचा सर्च (म्हणजे जुन्या नोंदणीकृत दस्तांचा शोध) हे सगळं दोन महिन्यांत उरकलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडकलं ते मालमत्ता पत्रकावर, म्हणजे आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. त्यावर काकांचे वडील, आणि ते 1971 ला गेल्यावर थोरल्या भावाचं नाव, पुढे तीन अक्षरं: 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या पत्रकांवर ही नोंद हमखास सापडते. त्या काळी कर्त्याचं एक नाव लावलं की काम झालं, बाकीचे भाऊ धरलेले असायचे आणि बहिणी तर कुणी लिहायच्याच नाहीत. पण 1956 च्या वारसा कायद्याने मुलींचा हिस्सा आहेच, तो कुठे जात नाही. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की नुसत्या ए.कु.मॅ. वर मी खरेदीखत करू देणार नाही, सगळ्या वारसांची नावं पत्रकावर चढली पाहिजेत आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. मला तेव्हा त्या जास्तच काटेकोर वाटल्या होत्या. आज त्यांच्यामुळेच मी शांत झोपतो.

तीन भाऊ दोन बहिणी, त्यांची मुलं नातवंडं मिळून सतरा वारस निघाले. सोळांचे कागद पटापट जमले. सतरावा कागद थोरल्या बहिणीचा.

त्यांना सगळे अक्का म्हणायचे. अक्कांचं लग्न 1952 चं आणि लग्नात नाव बदललेलं. माहेरी नदीचं नाव, सासरी देवीचं. मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या नावाने, सगळंच सासरच्या नावाने. आणि इकडे वंशावळीत वडिलांची मुलगी म्हणून माहेरचं नाव. आमचा वारस नोंदीचा अर्ज सव्वीस दिवसांनी परत आला, वर शेरा: 'मयत वारसाचे नावात तफावत, पुरावा जोडावा'. एक ओळ. मला वाटलं आठवड्याचं काम.

काकांनी आणि अक्कांच्या मुलाने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं की या दोन्ही एकच व्यक्ती. नेऊन दिलं. तीन आठवडे काही नाही, मग टेबलावरच्या भाऊसाहेबांनी सांगितलं की हे तुमचं म्हणणं झालं, पुरावा कुठेय. बरं. नाव बदलाचं राजपत्र आणा म्हणाले. अहो पण राजपत्रात नाव माणूस हयात असताना स्वतः अर्ज करून बदलतो, अक्कांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली! आणि 1952 साली पुण्यातली कुठली नवी नवरी राजपत्रात नाव छापायला गेली होती? हे मी तिथेच बोललो, आवाजही चढला माझा, आणि त्याचा उपयोग शून्य झाला, उलट पुढचे दोन महिने फाइल हललीच नाही असं मला वाटतं. तेव्हा एक सांगतो, चिडा पण बाहेर येऊन चिडा.

शाळेचा दाखला आणा म्हणाले, निदान माहेरचं नाव आणि जन्मतारीख तरी जुळेल. शाळा नदीकाठची. तिथल्या ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आम्हाला कपाट उघडून दाखवलं, 1961 च्या आधीचं एकही रजिस्टर नाही. 12 जुलै 1961, पानशेत. धरण फुटलं त्या दिवशी खालचा मजला सगळा पाण्याखाली. पुण्यातल्या पेठांत जुना कागद शोधायला निघालात की कधी ना कधी हे पानशेत आडवं येतंच, नारायण पेठ, शनिवार पेठ, किती घरांचे कागद त्या चिखलात गेलेत देव जाणे. मग जन्मनोंद काढली. 1934 ची नोंद सापडली, वडिलांचं नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, नुसतं 'स्त्री'. तेव्हा बारशाआधीच नोंद व्हायची त्यामुळे नाव नसायचंच. तो कागद हातात घेऊन मी रस्त्यावर उभा होतो आणि खरंच रडू यायचं बाकी होतं.

लग्नपत्रिका सापडली. काकांच्या देवघराशेजारच्या फडताळात, पिवळी पडलेली, कोपऱ्यांना अजून कुंकू, 'चि. सौ. कां.' करून माहेरचं नाव आणि खाली नवऱ्या मुलाचं पूर्ण नाव, जे मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आहे. याहून स्पष्ट काय असू शकतं? आम्ही पेढे घेऊन गेलो होतो त्या दिवशी, खोटं नाही सांगत. उत्तर आलं, पत्रिका हा शासकीय दस्त नाही.

मधे भाऊसाहेबांची बदली झाली. नवीन आले त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. मग निवडणुकीची ड्युटी. मग सर्व्हर. दर मंगळवारी मी अर्धी रजा टाकून जायचो आणि एकच वाक्य ऐकून यायचो, 'साहेब व्हिजिटला गेलेत'. एक काम मात्र मी चांगलं केलं, प्रत्येक कागद देताना पोच घेतली, आवक नंबर आणि शिक्क्यासकट. सहाव्या महिन्यात फाइलच सापडत नव्हती तेव्हा त्या पोचांनी वाचवलं. नुसता अर्ज देऊन येऊ नका, कितीही ओळख असो.

या सगळ्यात आमचं साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा करार, सहा महिन्यांचं होतं ते संपलं. बिल्डर काकांकडे पुन्हा जाऊन आला, रक्कम वाढवून. काकांनी मला फोन करून सांगितलं, काळजी करू नकोस, मी शब्द दिलाय. पुरवणी करार करून मुदत वाढवली. पण सगळे विकणारे असे नसतात, म्हणून मुदत ठरवताना वारस नोंद झाल्यापासून अमुक दिवस अशी ठरवा, कॅलेंडरच्या तारखेवर नको. आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, थोडाच द्या, नोंद नाही झाली तर परत मिळेल अशी अट लिहून घ्या.

वकीलबाई म्हणाल्या आता कोर्टातून वारस दाखला काढू, 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो तो. म्हणजे परत नोटीस, तारखा, महिनेच्या महिने. आम्ही वकालतनाम्यावर सह्यासुद्धा केल्या होत्या.

आणि मग सुटलं ते कसं, तर अक्कांचा मुलगा (त्यांना आम्ही दादा म्हणतो, 63 वर्षांचे) आमच्याकडे जेवायला आले होते आणि बोलता बोलता म्हणाले की लहानपणी आईबरोबर एकदा भोरला गेलो होतो, मामा लोकांनी कसल्या तरी कागदावर तिची सही घेतली, आणि मला स्टँडवर भजी खायला घातली. बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं, सही कुठे घेतली, घरी का कचेरीत? कचेरीत, अंगठ्याला शाई लावली होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला. अंगठ्याला शाई म्हणजे नोंदणीकृत दस्त!

भोर तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित शेती होती. वडील गेल्यावर बहिणींकडून शेतीपुरतं हक्कसोडपत्र करून घेतलेलं. आमचा सर्च 30 वर्षांचा आणि फक्त वाड्याचा, त्यात हे येणं शक्यच नव्हतं. साल दादांना नक्की आठवेना, तेरा चौदा वर्षांचा होतो म्हणाले, म्हणून 1972 पासून नोंदणी झालेल्या दस्तांची सूची बघायला लागलो आणि 1973 मध्ये सापडलं. प्रमाणित नकलेत अक्कांच्या नावापुढे सरळ लिहिलंय: भ्रतार (म्हणजे नवरा) अमुक, माहेरचे नाव अमुक, धंदा घरकाम, राहणार सदर. दोन्ही नावं एका ओळीत, शासनाच्या शिक्क्याखाली. मी ते 'माहेरचे नाव' शब्द बोट ठेवून चार वेळा वाचले. वकीलबाईंनी आधी पूर्ण दस्त वाचून खात्री केली की त्यात वाड्याचा उल्लेख नाही, फक्त शेताचे गट आहेत, म्हणजे वाड्यातला अक्कांचा हिस्सा तसाच उभा आहे. हे तपासणं फार महत्त्वाचं, कारण वाडाही सोडलेला असता तर सगळं गणितच बदललं असतं.

नकल जोडली, पंधरा दिवसांची नोटीस निघाली, हरकत आली नाही, फेरफार मंजूर.

तर जुन्या वाड्याच्या व्यवहारात पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, घरात मुली किती होत्या आणि त्यांची माहेरची नावं काय हे विचारा. नाव बदललेलं असेल तर त्या घराच्या गावाकडच्या जमिनी कुठे आहेत ते विचारा आणि तिथले दस्त शोधा, कारण बहिणींच्या सह्या शेतीसाठी बहुतेक वेळा घेतलेल्या असतात.

बाकी जे आठवतंय ते सांगतो. एक वारस न्यूजर्सीला आहे, त्याचं मुखत्यारपत्र तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा तिथला सरकारी शिक्का) करून आलं, पण ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे त्यावर मुद्रांक भरावा लागतो, पाकीट आल्याची तारीख जपून ठेवा. त्याच्या हिश्श्याचा टीडीएसही वेगळा, इथल्या लोकांचा 50 लाखांच्या वरच्या व्यवहाराला 1 टक्का कापतो तसा नाही, अनिवासी असेल तर दर जास्त आणि आम्हाला त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला. मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून 7 टक्के, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. आम्ही बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, एवढ्या रकमेत तो एक टक्का म्हणजे नवीन कौलांचा खर्च निघाला, आणि खरं सांगायचं तर भाजी वाढता वाढता तो प्रश्न तिनेच विचारला होता, वाडा तिचाच. नोंदणी फी मात्र 30 हजारांवर जात नाही.

बँकेवर विसंबू नका, एवढ्या जुन्या बांधकामावर आम्हाला कर्ज मिळालं नाही. हेरिटेजची यादी महापालिकेकडे आहे, त्यात ग्रेड असतात, यादीतला वाडा असेल तर बदल करायला परवानग्या लागतात. आमचा यादीत नाही. म्हणजे त्याला पाडण्यापासून वाचवणारं कुठलंच कागदपत्र नाही, फक्त आम्ही आहोत.

अरे हो, भाडेकरू. रस्त्याकडच्या दोन खणांत बाइंडिंगचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासून. विकत घेतलं म्हणून भाडेकरू जात नाही, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तुम्ही फक्त नवे मालक होता. आम्ही त्यांना काढायचा विचारही केला नाही. काकांकडून एक पत्र घेतलं की यापुढे भाडं यांना द्यावं, त्यावर भाडेकरूंची सही घेतली, खरेदीच्या दिवशीच. हे नंतरवर ठेवलं की राहतं.

खरेदीखताच्या दिवशी दादा लवकर आले होते. नवीन पत्रकाची प्रिंट मी त्यांना दाखवली, सतरा नावांच्या नोंदीत अक्कांचं नाव आलंय, देवीचं नाव, मग 'ऊर्फ', मग नदीचं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, आईचं हे नाव मी छापलेलं पहिल्यांदा बघतोय, याची एक झेरॉक्स मिळेल का. मी समोरच्या दुकानात जाऊन दोन काढून आणल्या, एक त्यांना दिली आणि एक आता आमच्या माजघरातल्या फडताळात, त्या लग्नपत्रिकेशेजारी ठेवली आहे. पत्रिका काकांनी वाड्याबरोबर आम्हालाच देऊन टाकली.