विषयाच्या ओळीत अडकलेला रस्ता

तहसील कार्यालयाच्या फाटकासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, माहितीचा अधिकार, सगळे अर्ज आमच्याकडे होतात. माणूस मजकूर सांगतो, मी टाइप करते. ‘महोदय’च्या वरची ‘विषय’ची ओळ मात्र मी कुणी सांगितली तशी घालत नाही. चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या ओळीला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. तो किती गरजेचा आहे, हे 28 ऑक्टोबर 2024 ला दिसलं.

वसुबारसेचा सोमवार होता. विधानसभेच्या उमेदवारी अर्जांची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, त्यामुळे फाटकावर पोलिसांचे बॅरिकेड, बाहेर हलग्या आणि घोषणा. त्या गर्दीतून वाट काढत साठी उलटलेले एक काका दुकानात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

“ताई, ह्या पत्रात मागितलेली कागदं जोडून एक अर्ज करून द्या. दिवाळी झाली की कारखाना सुरू होतोय. ऊस बाहेर काढायचा कुठनं?”

पत्र तहसीलचं होतं. सातबारा, कच्चा नकाशा, ज्यांच्या बांधावरून रस्ता हवा त्या शेतकऱ्यांची नावं आणि पत्ते सादर करावेत, असं त्यात लिहिलेलं. खाली काकांच्या जून महिन्यातल्या अर्जाची पोच. तो अर्ज दुसरीकडून टाइप केलेला होता. विषय : ‘शेतात जाणे-येणेसाठी रस्ता मिळणेबाबत.’

मी तो अर्ज शेवटपर्यंत वाचला. पहिला परिच्छेद काकांच्या गरिबीचा, दुसरा कर्जाचा. तिसऱ्याच्या शेवटी एक वाक्य होतं, की शेजाऱ्याने सदरचा रस्ता नांगरून टाकला आहे.

“काका, म्हणजे रस्ता आधी होता?”

“व्हता म्हंजे? आज्याच्या काळापासनं बैलगाडी जात हुती तिथनं. ह्या साली अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टर घातला.”

तिथे मी टायपिंग थांबवलं आणि खुर्ची पुढे सरकवून काकांना बसवलं.

ज्यांना शेतरस्त्याच्या भानगडीत कधी पडावं लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. वहिवाटीचा रस्ता होता आणि कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5. दोन्हींचा निर्णय तहसीलदारच देतात, पण दोन्ही फायली वेगळ्या चालतात. आणि कलम 5 ला मुदत आहे : अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा.

काकांचा अर्ज ‘रस्ता मिळणेबाबत’ म्हणून आला, तसाच 143 च्या गठ्ठ्यात गेला. त्यात टेबलावरच्या माणसाला दोष देणं मला पटत नाही. बारनिशीत, म्हणजे टपाल घेऊन नोंदवणाऱ्या शाखेत, कागदांचा ढीग असतो. आवक नोंदवहीत विषयाचा रकाना बोटभर, त्यात बसतील तेवढे शब्द उतरवायचे आणि कागद संबंधित टेबलाला लावायचा. तिसऱ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य त्या वेळी कोण वाचणार? मथळ्यापेक्षा मजकूर महत्त्वाचा, असं वकील सांगतात आणि ते खरंच आहे. पण मजकूर वाचणाऱ्यापर्यंत कागद पोचायला महिने जातात, आणि इथे नेमके महिनेच मोजले जात होते.

भिंतीवरचं कॅलेंडर मागे पलटलं. अक्षय तृतीया 10 मे, नांगर पडला 11 मे. म्हणजे 11 नोव्हेंबरला सहा महिने भरणार. मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आणि सगळं कार्यालय निवडणुकीच्या कामात.

काकांना पटवणं सोपं नव्हतं. “सायबानी जी कागदं मागितली तीच देऊ की. नवं कशाला काढायचं?” त्यांची भीतीही खरी होती, जूनपासून घातलेले हेलपाटे वाया जातील असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्यासमोरच ओळखीच्या वकीलमॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच लिहायला घे, संध्याकाळी मी बघते.

मथळा लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. काकांनी सांगितला तो असा : ‘शेजाऱ्याने केलेल्या अन्यायाबाबत व न्याय मिळणेबाबत.’ असे विषय माझ्याकडे रोज येतात. ‘माझ्या अर्जाबाबत’, ‘मदत मिळणेबाबत’, ‘नाव लावणेबाबत’. लिहिणाऱ्याच्या मनात सगळं प्रकरण असतं, म्हणून त्याला ते पुरेसं वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. नाव लावायचं ते वारस म्हणून, खरेदीखतावरून, की संगणकीकरणात गळलं म्हणून? तिन्हींची वाट वेगळी.

मग मी सगळं कोंबून तीन ओळींचा मथळा केला. गट नंबर, आजोबा, बैलगाडी, ट्रॅक्टर, ऊस, सगळंच. तोही नको. नोंदवहीत पहिले पाचसहा शब्दच उतरणार, म्हणून जे चुकता कामा नये ते पुढे आणलं. शेवटी असं ठरलं : ‘वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करणेबाबत दावा – मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 – अडथळ्याचा दिनांक 11/05/2024.’ त्याच्या वर वादी आणि प्रतिवादी यांची नावं, खाली गाव आणि गट नंबर. गरिबी आणि कर्ज पूर्ण काढलं. काकांना ते लागलं. “माजी परिस्थिती लिवायची न्हाई व्हय?” म्हणाले. मी ऊस उभा असल्याचं आणि दुसरी वाट नसल्याचं वाक्य ठेवलं, कारण तातडी त्यातूनच दिसते.

तारीख मथळ्यात घालायची कल्पना वकीलमॅडमची. दाव्यात ती कुठेतरी यावीच लागते, पण वर दिसली की पाहणाऱ्याला मुदत लगेच मोजता येते. साक्षीदार म्हणून त्या वाटेने जाणाऱ्या दोन शेतकऱ्यांची नावं त्यांनी घ्यायला लावली.

बुधवारी, 30 तारखेला दावा दाखल झाला. पोचेवरचा शिक्का काकांनी मला दुकानात येऊन दाखवला. नोंदवहीत काय उतरलं तेही मी बारनिशीत विचारून घेतलं : ‘वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा, मा. को. दावा.’ मा. को. म्हणजे मामलेदार कोर्ट. हवं होतं तेवढं सगळं त्यात होतं.

मतमोजणी उरकल्यावर नोटिसा निघाल्या. डिसेंबरात स्थळपाहणी झाली, पंचनाम्यात जुन्या चाकोऱ्या आणि बांधाच्या कडेचे दगड नोंदले गेले. जानेवारीत रस्ता खुला करण्याचा आदेश झाला आणि काकांचा ऊस उशिरा का होईना, कारखान्याला गेला.

शेजाऱ्याने त्या आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासून पाहावा असा अर्ज, केला आहे. त्यावर काकांचं लेखी म्हणणं वकीलमॅडम तयार करत आहेत, टाइप मीच करणार आहे. परवा काका त्यासाठीचे कागद घेऊन आले, तेव्हा पिशवीतल्या प्रत्येक कागदावर त्यांच्या नातीने पेनाने लिहून ठेवलं होतं : कशाचा, कुठल्या तारखेचा, कुणी दिलेला.